मनगटावरची काडी

मुलांनो, एक गंमत करून पाहा. मळलेल्या कणकेची वाटाण्याएवढी गोळी घ्या. आगपेटीतल्या एका काडीचा गूल मोडून टाका आणि ती काडी गोळीत उभी खोचा. आता हात टेबलावर सैल सोडा आणि अंगठ्याच्या खाली, मनगटावर जिथे नाडी लागते, तिथे ही गोळी बसवा. जागा सापडेपर्यंत थोडी इकडेतिकडे सरकवा. दिसलं? काडी डुलतेय! टुक्... टुक्... टुक्... तिला डोलवतंय तुमचंच हृदय, बरं का!

हा खेळ मी आमच्या चौथीच्या वर्गात घेतला, त्यामागे एका कलाकाराची गोष्ट आहे. राफाएल लोझानो-हेमर त्यांचं नाव. जन्म १९६७ सालचा, मेक्सिको सिटीतला. राहतात कॅनडातल्या माँट्रियल शहरात. शिकले रसायनशास्त्र आणि झाले कलाकार. पण त्यांची कला नुसती लांबून बघायची नाही, आपण तिच्यात शिरायचं! २००१ साली रॉटरडॅमच्या एका चौकात त्यांनी अशी सोय केली, की लोकांच्या प्रचंड सावल्या समोरच्या इमारतीवर पडाव्यात. जिथे सावली पडेल, तिथे लपलेला एखादा चेहरा दिसायचा. मग काय, मोठी माणसंसुद्धा लहान होऊन नाचायला लागली.

२००६ साली त्यांनी 'पल्स रूम' केली. म्हणजे नाडीची खोली. अंधाऱ्या खोलीत छताला ओळीने शंभर ते तीनशे काचेचे बल्ब टांगलेले. एका बाजूला धरायच्या दोन मुठी. त्या धरल्या, की आतलं यंत्र तुमचे ठोके ओळखतं आणि जवळचा बल्ब त्याच तालावर उघडझाप करू लागतो. मुठी सोडल्या, की क्षणभर सगळा अंधार! मग तुमचा ठोका रांगेतल्या पहिल्या बल्बमध्ये जातो आणि आधीचे सगळे ठोके एकेक घर पुढे सरकतात. सगळ्यात जुना ठोका रांगेबाहेर पडतो. 'माकारिओ' नावाच्या एका जुन्या मेक्सिकन सिनेमात एक गुहा आहे. तिथे प्रत्येक माणसाच्या नावाची एकेक मेणबत्ती जळते. त्यावरून त्यांना हे सुचलं. आपणही 'प्राणज्योत' म्हणतोच की!

याची चित्रफीत मी वर्गात दाखवली. मग मुलांनी काड्या लावल्या, अर्धा मिनिट ठोके मोजले, दुप्पट केले. कुणाचे ८८, कुणाचे ९६. माझे ७६. "बाई, तुमचं हृदय आळशी!" एकच हशा पिकला.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. त्याचं नाव नाही सांगत. दिवाळीनंतर तो वर्गात असून नसल्यासारखा असे. गृहपाठ अर्धवट, लक्ष खिडकीबाहेर. दोनदा मी त्याला सगळ्यांसमोर रागावलेही होते. त्याने विचारलं, "बाई, शेवटच्या दिव्याचं काय होतं?"

"तो ठोका जातो. नव्याला जागा होते," मी म्हटलं.

"पण कुठे जातो?"

मला उत्तर देता येईना. मुलंही गप्प झाली. मग तोच खालमानेने म्हणाला, "माझे आजोबा रस्ता ओलांडताना माझा हात नाही धरायचे, मनगट धरायचे. दिवाळीत गेले ते."

मला माहीतच नव्हतं. विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नव्हतं. मी त्याच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हटलं, "चुकलं रे माझं. उगाच रागावले तुला." तो काही बोलला नाही. पण हात पुढे केला. मी गोळी बसवली. काडी डुलू लागली. आजोबांच्या बोटांना रोज हेच लागत असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिवळ्या कागदाचे दिवे कापले, प्रत्येकावर आपापला आकडा लिहिला आणि दोरीला टांगले. त्याने दोन दिवे आणले. एकावर ९२. दुसरा कोरा.

"आजोबांचे ठोके मी कधी मोजलेच नाहीत," तो म्हणाला.

दोन्ही दिवे आम्ही शेजारी शेजारी टांगले. गृहपाठ अजूनही अधूनमधून राहतो त्याचा. मी आता आधी कारण विचारते.

मुलांनो, आज संध्याकाळी आजीजवळ, आजोबांजवळ, नाहीतर आईबाबांजवळ बसा. त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवा. अंगठा नको हं, त्यात आपलीच नाडी लागते! घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा.