धक्का की थरथर?

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या रविवारी मी संगमनेरहून नाशिकला निघालो होतो. सिन्नरच्या अलीकडे ताशी साठाच्या वेगाने गाडी सावकाश चालली असता, अंगात हीव भरावे तशी ती अचानक थरथरू लागली. टोलनाक्याआधी रस्त्यावर जाड पांढरे पट्टे मारलेले असतात. त्यांवरून चाके जावीत तसा तो अनुभव होता. म्हणून पहिला दोष मी रस्त्याला दिला. चार-पाच सेकंदांत थरथर थांबली. थोड्या अंतरावर ती पुन्हा आली आणि या वेळी रस्ता अगदी गुळगुळीत होता.

गाडी २००८ सालची, सेकंड हँड घेतलेली, पेट्रोलची आणि ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक ही माझी चैन नव्हे. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्लच दाबणे मला जमेनासे झाले, आणि डाव्या पायाला काहीच काम न देणारी गाडी मी शोधून घेतली. रविवारी नाशिकच्या अभ्यासकेंद्रावर माझी संपर्कसत्रे असतात. तेथे येणारी मंडळी कळवण-दिंडोरीकडून पहाटेची एसटी पकडून येतात; कोणी रात्रपाळी संपवून थेट वर्गात बसतात. त्यांना ताटकळत ठेवण्याचा अधिकार मला नाही, असे मी मानतो. गाडी बंद पडली तर माझे रविवारही बंद पडणार होते.

पहिल्यांदा मी एका मोठ्या, काचेच्या दर्शनी भागाच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तेथील तरुणाने गाडीला संगणक जोडला. त्यावर कोणताही दोष उमटला नाही. तरीही तो म्हणाला, “गिअरबॉक्स गेला, सर.” ‘गेला’ हे क्रियापद आपण माणसाविषयी वापरतो त्याच स्वरात त्याने ते वापरले. खर्च नव्वद हजार रुपये. गाडी विकली असती तर लाखभर हाती आले असते. मी विचार करून सांगतो म्हटले आणि बाहेर पडलो.

पुढच्या रविवारी सत्र संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला त्याच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेले. पत्र्याच्या शेडखाली त्यांचे गॅरेज. वय साठीच्या पुढे. त्यांनी बॉनेट उघडले नाही. हात पुसत विचारले, “सर, धक्का देते, हिसका देते, का थरथरते?”

मी गडबडलो. भाषाशास्त्रात पीएच.डी. मिळवलेल्या माणसाने ‘व्हायब्रेशन येते’ एवढे मोघम उत्तर दिले! मिस्त्रींचे त्यावर समाधान होणे शक्य नव्हते. त्यांच्या लेखी धक्का एकदाच बसतो, बहुधा गिअर पडताना. हिसका म्हणजे गाडी पुढे ओढली जाऊन मागे खेचली जाणे. तेथे इंजिनाच्या प्लगचा किंवा कॉइलचा संशय. खडखड झाली तर काहीतरी सैल आहे. धडधड जाड असते, थरथर बारीक असते. आपल्या व्याकरणात अशा शब्दांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतात आणि परीक्षेत त्यांना फार तर दोन गुण असतात. त्या शेडमध्ये मात्र त्यांच्यातील अंतरावर हजारोंचा हिशेब अवलंबून होता. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मिस्त्रींच्या मराठीत गाडी सदैव कर्त्याच्या जागी असते. ती मिसिंग मारते, झटके खाते, पिकअप घेत नाही, ऑईल पिते. तिच्यावर कोणी काही करते आहे असे ते क्वचितच बोलतात.

“थरथरते,” मी अखेर म्हणालो. “बारीक.”

मग आम्ही महामार्गावर गेलो. मी चालवत होतो, ते शेजारी. त्यांनी एकेक शक्यता कशी बाजूला सारली, ते मला आजही क्रमाने आठवते. आधी ब्रेक दाबून गाडी जागेवर उभी, गिअर ‘डी’मध्ये: कंप नाही, म्हणजे इंजिनाचे माउंटिंग ठीक. मग वेगातून ब्रेक लावून पाहिला: स्टिअरिंग हलले नाही, म्हणजे ब्रेकच्या डिस्क सरळ. चाकांचा तोल गेला असता तर त्या वेगाला थरथर सतत राहिली असती. ही येत-जात होती. इंजिन मिसिंग मारत असते तर अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबल्यावर त्रास वाढला असता. येथे तो नाहीसा होत होता.

“आता पुन्हा थरथरली की अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका,” ते म्हणाले. आरशात मागचा रस्ता रिकामा असल्याची त्यांनी खात्री केली. “डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. दाबायचा नाही. आणि हे इथंच, मी शेजारी असताना. एरवी डावा पाय तिथं न्यायचा नाही.”

थरथर आली. कित्येक महिन्यांनी माझ्या डाव्या पायाला काम मिळाले. पेडलला तळवा टेकताच थरथर बंद झाली. पाय काढला, क्षणभराने ती परतली. पुन्हा टेकवला, पुन्हा बंद.

वर्गात ‘पळ’ आणि ‘फळ’ हे लघुतम युग्म मी फळ्यावर लिहितो तेव्हा हेच तर करत असतो. बाकी सारे तसेच ठेवून एकच घटक बदलायचा आणि अर्थ बदलतो का ते पाहायचे. येथे वेग तोच, रस्ता तोच, अ‍ॅक्सिलरेटर तेवढाच. बदलला तो फक्त ब्रेकचा स्विच. मिस्त्रींना हे सांगण्याचा मोह झाला, पण ते आधीच कारण सांगू लागले होते.

अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका पंख्याने तेल फेकायचे आणि त्या तेलाने समोरचा पंखा फिरवायचा, असे त्याचे काम. यात थोडी घसर राहते आणि पेट्रोल वाया जाते. म्हणून गाडी एका वेगाला स्थिरावली की आतला एक क्लच दोन्ही बाजू जखडून टाकतो. ब्रेकला स्पर्श होताच तो सुटतो. जखडताना त्याने अलगद, किंचित घसरत धरावे यासाठी तेलात खास द्रव्ये मिसळलेली असतात. ती झिजली किंवा मुळात तेलच वेगळ्या जातीचे असले, तर क्लच धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. तीच ही थरथर.

गॅरेजवर आल्यावर मिस्त्रींनी तेलाची पट्टी ओढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. लालसर असावयास हवे ते तेल चहाच्या चोथ्याच्या रंगाचे होते. “यात शेवटचं ऑईल कुणी टाकलं?”

मला दोन वर्षांपूर्वीची दुपार आठवली. सील गळू लागले म्हणून मी रस्त्यावरच्या एका गॅरेजात थांबलो होतो. तेथील मुलाने कोणते तेल टाकू, असे दोनदा विचारले होते. सत्राला उशीर होत होता. मी म्हणालो होतो, “कुठलेही टाक, तेल ते तेल.” एका शब्दाच्या पोटात किती वेगळे अर्थ असतात, यावर ज्याने तासन् तास व्याख्याने दिली, त्याचे हे वाक्य. मी ते मिस्त्रींना जसेच्या तसे सांगितले. ते हसले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तेल सोडण्याच्या बोल्टला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप निघाला, धातूचे तुकडे नव्हते. “तुकडे असते तर त्या वर्कशॉपवाल्याचं खरं होतं,” मिस्त्री म्हणाले. माझ्या गाडीत सुमारे सात लिटर तेल मावते, पण बोल्ट उघडला की तीनच लिटर बाहेर येते. उरलेले कन्व्हर्टरमध्ये व आतल्या वाटांत राहते. त्यामुळे नेमक्या जातीचे तेल आणून तीन हप्त्यांत बदलायचे ठरले, मध्ये आठवडाभर गाडी चालवून. परतताना मी हिशेब केला: पहिल्या खेपेनंतर जुने तेल निम्म्याहून थोडे अधिक उरणार, दुसऱ्यानंतर तिसरा हिस्सा, तिसऱ्यानंतर पाचव्या हिश्शाहून कमी. सारा खर्च साडेनऊ हजारांत आटोपला.

पहिल्या खेपेनंतर मला फरक जाणवला नाही आणि ती रात्र मी नव्वद हजारांची तजवीज करण्यात घालवली. दुसऱ्या खेपेनंतर थरथर सेकंदभरावर आली. तिसऱ्यानंतर सिन्नरपर्यंतचा सबंध रस्ता मी कान टवकारून, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून चाललो. काही झाले नाही.

मात्र थंडीत, परतीच्या वाटेवर मोहदरी घाट चढून सपाटीला लागताना, एखादे वेळी अगदी पुसट कंप येतो. क्लचचे अस्तर थोडे झिजले आहे, असे मिस्त्री म्हणतात. ते दोन वर्षे चालेल की दोन महिने, हे सांगायला ते तयार नाहीत. नव्या तेलाचे नाव त्यांनी मला एका वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहायला लावले आणि लिहिलेले पुन्हा वाचून घेतले. ती वही आता गाडीच्या कप्प्यात, हजेरीपटाच्या शेजारी असते.