आपल्या कथेतला माणूस आवडलाच पाहिजे का?

आपल्या कथेतला दलित माणूस कायम सोशिक, शहाणा आणि लढाऊच असला पाहिजे, हा हट्ट कुणाचा? दुर्दैवाने आता तो आपलाच होऊ लागला आहे.

आम्ही काही जण दर महिन्याला एकमेकांच्या कथा वाचायला बसतो. मागे एका मुलीने कथा वाचली. तिच्यातला कार्यकर्ता स्टेजवर हिंदू कोड बिलावर तासभर बोलतो आणि घरी येऊन बायकोवर हात उगारतो. एक जण लगेच म्हणाला, "ताई, हे बाहेर नको. त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?"

ही भीती खोटी नाही. वस्तीची बदनामी करायला टपलेले लोक आहेतच. पण बदनामीला उत्तर म्हणून पुतळे घडवायचे का? पुतळा चुकत नाही, म्हणून तो बदलतही नाही.

१९७८ साली 'बलुतं' आलं. दया पवारांनी त्यात दारूत बुडालेला बाप लिहिला, कावाखान्यातलं जगणं लिहिलं आणि बायकोवर संशय घेऊन तिला सोडणारा दगडूही लिहिला. हा दगडू म्हणजे ते स्वतःच. तो आवडत नाही. आपल्यातल्या काहींना तेव्हाही हे उघडं लिहिणं खटकलं. पण त्याने जातीची बाजू बळकट झाली का? उलट जात माणसाच्या घरात किती खोल शिरते, ते दिसलं.

चाहतेपणाचंही तेच. नेता असो, गायक असो की दिग्दर्शक, आपल्या माणसाबद्दल साधा प्रश्न विचारला की लगेच उलटा सवाल येतो, "तू कुणाचा माणूस?" १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवरच प्रहार केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा फक्त दुसऱ्यांच्या भक्तांसाठी होता काय?

हिंदू कोड बिलाची कोंडी हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. त्याच बिलावर भाषण ठोकणाऱ्याच्या घरातली बाई आपल्या साहित्यात गप्प राहणार असेल, तर आपण चळवळीची नव्हे, त्या पुरुषाची अब्रू राखतो आहोत.

मित्रांनो, न आवडणारी माणसं लिहा. वाचणाऱ्याला राग येऊ द्या. रागावलेला वाचक निदान विचार तरी करतो.

जयभीम!