ज्वारीवर ज्वारी

थायरॉइडची गोळी पहाटे, उपाशीपोटी. मग चहासाठी घड्याळाकडे बघत बसायचं. पंचाहत्तरवरून शंभर, शंभरावरून सव्वाशे, मग दीडशे. टीएसएच तरीही वरच, म्हणजे गोळी पुरतच नव्हती. "गोळ्या चुकवता का?" असं डॉक्टरांनी तीनदा विचारलं. चुकवत नव्हते, पण तिसऱ्या खेपेला मलाच माझा संशय यायला लागला.

*

आजाराचं नाव हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी चार बायकांच्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्या पांढऱ्या पेशींनी खच्चून भरलेल्या होत्या. १९१२ साली त्यांनी हे छापलं, तेही जर्मन भाषेत. ही आपल्याच शरीराची आपल्याच ग्रंथीवर चढाई आहे, हे लंडनमध्ये ध्यानात यायला १९५६ उजाडलं.

*

नव्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याला हात लावायच्या आधी माझे जुने रिपोर्ट मागितले. "दोन वर्षं लोहाच्या गोळ्या आणि हिमोग्लोबिन नऊच? जातंय कुठे मग?" पोट दुखतं का? नाही. जुलाब? नाही. वजन? तेवढंच. तरीही बोट आतड्यावरच. थायरॉइडची गोळी काय, लोह काय, दोन्ही शोषली जातात लहान आतड्यात. हाशिमोटोवाल्यांचं शरीर कधीकधी जठरातल्या पेशींवरही उठतं, मग आम्ल कमी पडतं, बी-१२ घसरतं. माझं बी-१२ ठीक निघालं. उरला सीलियाक: गहू पोटात गेला की शरीर आतड्यावरच उठतं.

*

रक्ताची टीटीजी तपासणी, मग दुर्बीण. त्यांनी बजावलं, "सगळ्या तपासण्या होईपर्यंत पोळी सोडायची नाही. आधीच सोडलीत तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येईल." आयुष्यात पहिल्यांदा पोळी औषधासारखी खाल्ली.

बायोप्सीचा अर्थ त्यांनी टॉवेलवर सांगितला. नव्या टॉवेलला लव असते म्हणून तो पाणी टिपतो. तुमच्या आतड्याची लव झडलीय.

*

गव्हाचा हा गुन्हा उघडकीला आणला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. संशय त्यांना युद्धाआधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. पाव मिळेना, त्यामुळे संशय आणखी पक्का झाला. १९५०च्या प्रबंधात त्यांनी तो मांडला. सगळा देश भुकेला असताना काही मुलांना पाव नसणंच मानवलं, हे वाचून कसंसंच होतं.

*

मला वाटलं, आपण भाकरीवाले, काय कठीण आहे? मग डबे उघडले. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू. सातूच्या पिठात गहू. आणि हिंग! डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं: गव्हाचं पीठ. म्हणजे रोजच्या फोडणीतच. होळीला पुरण नुसतंच वाटीत घेऊन खाल्लं, तूप घालून. वाईट नाही लागत.

*

गिरणी. पूर्वी मी एवढंच म्हणायचे, "ज्वारीवर ज्वारी दळा." आता त्यानं भागत नाही, कारण जातं तेच, पट्टा तोच, हवेत उडतं तेही गव्हाचंच. गिरणीवाल्या भाऊंना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, चिमूटभर राहिलं तर काय बिघडतंय? उलट भाकरीला चिकटपणा येईल." बरोबर होतं त्यांचं. तो चिकटपणा म्हणजेच ग्लूटेन. पण 'ग्लूटेन-फ्री' म्हणायला किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत लागतं. चिमूट फार मोठी झाली. शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात गहू कोणीही टाकायचा नाही. सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "हिचं सोवळं कडक आहे बाई."

*

व्हॉट्सअॅपवर रोज एक मैत्रीण: "थायरॉइड आहे ना? गहू बंद कर." सीलियाक नसेल तर गहू सोडून हाशिमोटो सुधारतो, याला भक्कम पुरावा नाही. मी तिला एवढंच लिहिते: आधी तपासणी, मग उपास. तिला ते आवडत नाही.

*

गहू सोडल्यावर चौथ्या महिन्यात छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, झोप उडाली. मी घाबरून गेले. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून हसल्या. तीच दीडशेची गोळी, आता सगळी आत जात होती. डोस शंभरावर आणला.