माथेरानला चला, खून करायचाय!

वीकेण्डला नुसतं खायचं, लोळायचं आणि फोटो काढायचे, याचा कंटाळा आलाय? मग एक जुना बंगला, दहा मित्र, दहा पाकिटं आणि एक मुडदा एवढंच जमवा.

‘‘खून कुठे करू या?’’ लोकलच्या लेडीज डब्यात मी फोनवर हे विचारलं आणि शेजारच्या काकूंनी पर्स छातीशी धरली. पलीकडून उत्तर आलं, ‘‘माथेरानला कर. कोणाला पळून जाता येणार नाही.’’ काकू पुढच्याच स्टेशनवर उतरल्या. त्यांना तिथेच उतरायचं होतं, अशी मी मनाची समजूत घातली.

त्याचं झालं असं, आमचा कॉलेजचा अकरा जणांचा ग्रुप. वर्षातून एकदा कुठेतरी जायचंच, हा अलिखित नियम. पण गेल्या दोन-तीन ट्रिप्स अगदीच टिपिकल झाल्या होत्या. बंगला, स्पीकर, बिर्याणी आणि रात्री अकराला प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये. त्यात आमच्यातले दोघं, एकेकाळचे रूममेट्स, फ्लॉटच्या डिपॉझिटवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. ग्रुपसाठी यायचे आणि टेबलाच्या दोन टोकांना बसायचे. एक जण जानेवारीत कॅनडाला निघाला होता. म्हणजे पूर्ण ग्रुपची ही शेवटचीच ट्रिप असण्याची शक्यता होती. मी जाहीर करून टाकलं, या वेळी मर्डर मिस्ट्री!

सोफ्यावर बसून चालणार नाही

खेळ साधा आहे. एक माणूस ‘मेलेला’ असतो, बाकी सगळे संशयित. प्रत्येकाला एक पात्र मिळतं आणि त्या पात्राचं एक गुपित. खुनी कोण, हे फक्त खुन्याला आणि खेळ रचणाऱ्याला ठाऊक. प्रश्न विचारत, पुरावे जुळवत दोन-तीन तासांत त्याला पकडायचं.

१९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये बड्या घरांतल्या पार्ट्यांमध्ये या खेळाची फॅशन होती. नायो मार्श या लेखिकेच्या १९३४ सालच्या पहिल्याच कादंबरीत असा खेळ चालू असताना खराखुरा खून पडतो. हॉटेलांमध्ये पियानो वाजवणाऱ्या अँथनी प्रॅट यांनी हे खेळ जवळून पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी त्यावरून एक बोर्डगेम तयार केला. १९४९ साली बाजारात आलेला तोच ‘क्लुएडो’. आपल्यालाही रहस्याचं वेड नवीन नाही. आजोबांच्या पिढीनं बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड चवीनं वाचले, आपण १९९८पासून ‘सीआयडी’ बघत जेवलो. फरक एवढाच, की इथे सोफ्यावर बसून चालत नाही.

माथेरानच का?

रहस्यकथेला एक बंद जागा लागते. बेट, बर्फात अडकलेली गाडी, वादळात सापडलेलं घर. मुंबई-पुण्याच्या माणसानं बर्फ कुठून आणायचा? त्याच्यासाठी माथेरान आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे चढून आले आणि साधारण आठशे मीटर उंचीवरच्या या रानाचं हिल स्टेशन झालं. १९०७मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. अँब्युलन्ससारखा अपवाद सोडला तर मोटारी आजही दस्तुरी नाक्यालाच थांबतात.  (पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हा तारीख बघून ठरवा.)

आम्ही डिसेंबरात गेलो. दस्तुरीहून बॅगा घेऊन पाऊण तास चाललो. पत्र्याचं उतरतं छप्पर, लांबलचक व्हरांडा, करकरणारी लाकडी दारं, सेट लावायची गरजच नव्हती. अंधार पडला की फाटकाबाहेर टॉर्चपलीकडे काही दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे, वैतागून कॅब बोलावता येत नाही.

पाकिटात काय असतं?

मी काळ ठरवला १९३८. बंगल्याचे मालक रावबहादूर सकाळी मृतावस्थेत सापडलेत. रावबहादूर म्हणजे पांढऱ्या चादरीखाली दोन तक्के, म्हणजे कोणाला अख्खा खेळ निपचित पडून राहण्याची शिक्षा नाही. संशयित दहा. वकील, डॉक्टर, नाटकातली नटी, पारशी शेजारीण, घोडेवाला, स्टेशनमास्तर, खानसामा वगैरे. पात्रं आठवडाभर आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर कळवली. त्यामुळे कोणी आजोबांचा कोट आणला, कोणी आईची नऊवारी.

पाकिटात चार ओळी. तुम्ही कोण? तुमच्याबद्दल सगळ्यांना काय माहीत आहे? तुम्ही काय लपवताय? आणि तुम्हाला कोणाकडून काय काढून घ्यायचंय? चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर लोक मस्त नटूनथटून कोपऱ्यात उभे राहतात. नियम एकच, खुन्याशिवाय कोणी धडधडीत खोटं बोलायचं नाही, टाळाटाळ मात्र खुशाल करा. तीन फेऱ्या ठेवल्या. पहिली चहा-भज्यांबरोबर, दुसरी अंधार पडल्यावर, तिसरी जेवणानंतर. प्रत्येक फेरीत एक नवा पुरावा. मी फौजदार. ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं खेळायचं नाही, नाहीतर त्याचा चेहराच सगळं सांगून टाकतो.

लाल मातीचा घोळ

माझा हुकमाचा पुरावा होता खुन्याच्या चपलेची लाल माती. घरी बसून लिहिताना काय भारी वाटला होता! दस्तुरीहून पोहोचलो आणि व्हरांड्यात अकराच्या अकरा जोड लाल. माथेरानच ते, दुसरं काय होणार! मी कपाळाला हात लावला. मग खानसामा झालेल्या मित्राला गुपचूप मागच्या नळावर नेलं आणि सांगितलं, ‘‘चपला धू.’’ पुरावा तोच, नुसता उलटा केला. ज्याच्या चपला स्वच्छ, तो खुनी. घरी रचलेल्या गोष्टीला जागेची हवा अशी लागू द्यावी लागते. म्हणून शक्य असेल तर बंगला आधी एकदा बघून या.

दुसरी फेरी

दुसरी चूक मात्र नळावर धुता येणारी नव्हती. त्या दोन रूममेट्सना मी वकील आणि स्टेशनमास्तर केलं होतं. दोघांकडे एकाच चिठ्ठीचे दोन तुकडे, म्हणजे बोलावंच लागणार. इथवर ठीक होतं. पण मला वाटलं, थोडी गंमत करू. वकिलाच्या पाकिटात लिहिलं, ‘तू भागीदाराचे पैसे गिळलेस.’

दुसऱ्या फेरीत नटीनं भर दिवाणखान्यात ते वाचून दाखवलं. वकील दोन क्षण गप्प उभा राहिला, पाकीट टेबलावर ठेवलं आणि व्हरांड्यात निघून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय अ‍ॅक्टिंग! ती अ‍ॅक्टिंग नव्हती, हे आम्हा तिघांनाच कळलं. मी उठले, तेवढ्यात स्टेशनमास्तर टॉर्च घेऊन बाहेर पडला.

आत मी कसाबसा तपास चालू ठेवला. घोडेवाल्याची उलटतपासणी, पारशी शेजारणीचं रडणं, सगळं झालं. माझं लक्ष काचेबाहेरच्या त्या एका उजेडाकडे होतं. तो आधी फाटकाशी गेला, मग बराच वेळ पायरीवर थांबला. अर्ध्या तासानं दोघं आत आले. वकील म्हणाला, ‘‘फौजदार, मला जबाब बदलायचाय.’’ आणि चिठ्ठीचे दोन्ही तुकडे त्यानं माझ्यासमोर ठेवले.

बाहेर काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. जेवताना मी दोघांची माफी मागितली. स्टेशनमास्तर म्हणाला, ‘‘तू सोडवायला गेली नव्हतीस, मजा घ्यायला गेली होतीस.’’ खरं होतं. तेव्हापासून माझा पहिला नियम हाच आहे. पाकिटातलं गुपित शंभर टक्के खोटं हवं. कोणाची नोकरी, लग्न, उधारी, आजार यातलं काहीही त्यात येता कामा नये. लोक खोट्या गुपितामागे लपून खूप मोकळे होतात, पण खऱ्या गुपिताला चारचौघांत लपायला जागाच उरत नाही.

आणि खुनी? खानसामा तिसऱ्या फेरीत पकडला गेला. ऑफिसात दिवसभर आकडे जुळवणारा आमचा हा मित्र गेली सात वर्षं ग्रुपमध्ये सगळ्यात कमी बोलत होता. संध्याकाळभर तो सगळ्यांना चहा देत फिरला आणि दोन फेऱ्या त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. शेवटी पारशी शेजारणीनं त्याच्या पायांकडे पाहिलं. ‘‘सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कोणी इतकं निरखून बघितलं,’’ तो हसत म्हणाला. नऊही जणांचं हसू क्षणभर थांबलं.

त्या रात्री अकराला एकाच्याही हातात मोबाइल नव्हता. दोन वाजेपर्यंत सगळे व्हरांड्यात बसून कोणाला कधी संशय आला यावर भांडत होते. पायरीवर वकील आणि स्टेशनमास्तर, मध्ये एकच टॉर्च.

काय मग, कधी करताय खून? तक्के बंगल्यात मिळतील. पाकिटं मात्र जपून लिहा.