परतीच्या वाटेवर पौड

विजापूरचा गोल घुमट पाहून आम्ही रोह्याला परतत होतो. पाच दिवसांची सफर संपत आली होती. पुणे मागे टाकून पौडच्या थोडं पुढे आलो तेव्हा पाऊस झोडपत होता आणि असरची वेळ झाली होती. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीशी गाडी थांबवली.

टपरीवाल्या मावशींना नमाजसाठी कोरडी जागा मिळेल का, विचारलं. काही न बोलता त्यांनी घराचा ओटा झाडला, सतरंजी टाकली, वुजूसाठी हंड्यातलं पाणी काढून दिलं. आम्ही मुसाफिर, म्हणून चारऐवजी दोनच रकअती अदा केल्या आणि सफर सुखरूप झाल्याबद्दल अल्लाहचा शुक्र मानला.

चहा-भजी झाली. निघताना पाहतो तर मुलांनी भज्यांच्या प्लेटा आणि पाण्याची रिकामी बाटली मागच्या भातखाचरात भिरकावलेली. मावशी पदर खोचून चिखलात उतरल्या होत्या आणि एकेक वेचत होत्या. आम्ही ओशाळून धावलो. त्या म्हणाल्या, "ह्याचं काय नाय हो. पावसाळ्यात लोक काचेच्या बाटल्या फोडून जात्यात. लावणीला उतरलं की काच पायात घुसते." त्यांच्या टाचेवर जुना व्रण होता.

ताम्हिणीत दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना आम्ही गाडीत भरपूर नावं ठेवली होती. आपण त्यातले नाही, याचं मनात समाधानही होतं. पण ज्या घराच्या ओट्यावर सजदा केला, त्याच घराच्या शेतात आमचा कचरा पडला होता. मुलांना खाली उतरवलं. आमच्या वस्तू उचललेल्या होत्याच. बांधाकडेला पडलेल्या काचा मुलांना हात न लावू देता आम्ही दोघांनी वेचल्या आणि डब्यात भरून सोबत घेतल्या.

पुढे मुळशीचा तलाव लागला. मुलं फोटोसाठी ओरडली. थांबलो आणि तिथेच त्यांना सांगितलं, की टाटांच्या धरणासाठी या खोऱ्यातली गावं आणि भातशेती पाण्याखाली जाणार होती, म्हणून 1921 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बायाही त्यात होत्या. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. 'सेनापती' ही ओळख त्यांना इथेच मिळाली. लोक तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. हे पाणी डोंगराखालून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. त्यावरची वीज मुंबईला जाते आणि पाणी कुंडलिकेला मिळतं.

"कुंडलिका? आपली?" धाकटीने विचारलं.

हो, आपलीच. भर उन्हाळ्यात रोह्याच्या पुलाखालून नदी वाहताना दिसते, ती याच पाण्यामुळे. या खोऱ्याचं देणं आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो आणि इथून जाताना फक्त ढग आणि धबधबे पाहत होतो.

माणसांचे उपकार विसरून अल्लाहचा शुक्र पुरा होत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. चहाचे पैसे आम्ही दिले होते. ओट्याचे, हंड्यातल्या पाण्याचे मावशींनी मागितले नव्हते, आणि ते पैशांनी फिटणारेही नव्हते. यजमानाच्या घरी पाहुणा जसा वागतो तसं वागणं, एवढंच आपल्या हातात असतं.

आता कुठेही निघताना मुलं आठवणीने एक रिकामी गोणी डिकीत टाकतात. परतताना ती भरलेली असते. वाटेत कुणाचे आभार मानायचे राहिले का, हे मात्र आम्हाला एकमेकांना विचारावं लागतं.