अंधेरीतले आठ गोल

देशासाठी 95 गोल, आणि ते आपल्या सुनील छेत्रीचे! पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये त्याच्या पुढे फक्त तिघे आहेत: रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई. हंगेरीच्या पुश्काशचं नाव घेताना जुने फुटबॉलवाले कानाला हात लावतात, तोसुद्धा 84वर थांबला. आणि हे सगळं होत असताना आम्ही मंगळवेढेकर कुठे होतो? तर दामाजी चौकात चहा पीत, कोहली किती धावांवर आहे ते एकमेकांना विचारत!

आमच्याकडे बोलण्याचे विषय ठरलेले. मालदांडी ज्वारीला थंडी कशी पडली, कांद्याला काय भाव लागला आणि क्रिकेट. फुटबॉल म्हणजे चार सरी पडून खेळपट्टीचा चिखल झाला की पोरं काढतात तो चेंडू. पुण्याला कॉलेजात शिकणारा भाचा हुरड्याला आला होता. ‘मामा, हे बघा एकदा,’ म्हणत त्याने मोबाइल पुढे केला, आणि आगटीतून काढलेला हुरडा हातातच गार झाला की हो! तेव्हापासून मी दिसेल त्याला धरून छेत्री सांगत सुटलोय. लोक मला बघून रस्ता बदलतात, बदलू देत.

सगळ्यात आधी मला कशाने झपाटलं असेल तर अंधेरीच्या आठ गोलांनी. जून 2018, मुंबई, अंधेरीच्या क्रीडासंकुलातलं मैदान, इंटरकॉन्टिनेन्टल कप. भारताचे सामने चार: 1, 4, 7 आणि 10 जून. त्यात छेत्रीचे गोल तीन, दोन, एक आणि दोन. आठ! दहा दिवसांत, आपल्या महाराष्ट्रात! सोलापूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबई, इतक्या जवळ हे घडत होतं.

पहिल्या सामन्यात चायनीज तैपेईला 5-0 असं लोळवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं किती? जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी कप्तान छेत्रीने मोबाइलवर व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले. आम्हाला शिव्या द्या, नावं ठेवा, पण मैदानावर येऊन ठेवा, असं त्याचं सांगणं. हॅटट्रिक मारलेल्या माणसाने प्रेक्षकांसाठी पदर पसरावा! कोहली, तेंडुलकर त्याच्या बाजूने बोलले आणि 4 तारखेला केनियाविरुद्ध मैदान हाऊसफुल्ल. तो छेत्रीचा शंभरावा सामना. वरून मुंबईचा पाऊस असा, की चेंडू घसरायचा सोडून पाण्यात अडून बसत होता. पूर्वार्धात काहीच होईना. मग पेनल्टीवर छेत्रीचा पहिला, त्याचा साथीदार जेजेचा दुसरा आणि अगदी शेवटी छेत्रीचा तो तिसरा! गोलकीपर पुढे आलेला, बचाववाले मागून धावताहेत, आणि हा गडी जोर न लावता चेंडू नुसता उचलून त्याच्या डोक्यावरून सोडतो. एवढ्या चिखलात! भाच्याला तेवढाच तुकडा मी इतक्यांदा लावायला सांगितला की शेवटी त्याने मोबाइल माझ्याच हातात दिला.

न्यूझीलंडविरुद्ध आपण हरलो, 1-2. पण त्यातला आपला गोल गमतीचा. गोलकीपर चेंडू लांब मारायला जातो, छेत्री त्याच्या अंगावर धावून गेलेला, चेंडू ह्याला लागून थेट जाळ्यात. कुणी म्हणेल नशीब. मी म्हणतो, दहातल्या नऊ वेळा काही हाती लागत नाही हे माहीत असताना तो धावला म्हणून तिथे होता.

आणि अंतिम सामन्यातला दुसरा गोल तर सावकाश बघावा. आपला बचाववाला अनस आपल्या अर्ध्यातून चेंडू उंच, लांब सोडतो. छेत्री केनियाच्या बचावफळीतून सटकलेला. वरून येणारा चेंडू छातीवर घेतो, तो असा अलगद पुढ्यात पडतो की बस. मग डावा पाय! मूळचा हा उजव्या पायाचा खेळाडू. भारत 2-0, कप आपला, आणि छेत्रीचे गोल झाले 64, म्हणजे त्या दिवशी मेस्सीच्या बरोबरीने.

त्याच्याकडे रोनाल्डोची उंची नाही, मेस्सीसारखी चारचौघांना गुंगारा देत जाण्याची करामतही नाही. मग हे गोल होतात कसे? बरेच तुकडे पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं ते असं. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा एक माणूस प्रत्येक गावात असतो, तसा हा आहे. चेंडू कुठे येणार ते बचाववाल्याला कळायच्या आधी ह्याने जागा धरलेली असते. चेंडूकडे बघू नका, छेत्रीकडे बघा. मजा तिथे आहे.

भाचा मात्र चोख हिशोबी. म्हणाला, ‘मामा, ह्यातले पुष्कळ नेपाळ, मालदीव, पाकिस्तानविरुद्धचे आहेत.’ आहेत ना! कोण नाही म्हणतंय? पण 2011च्या आशिया चषकात बहारीन आणि दक्षिण कोरियाविरुद्धही त्याने गोल केलेत, आणि 2019ला अबू धाबीत थायलंडला 4-1 हरवलं त्यात दोन त्याचे. रोनाल्डोला पास देणारे युरोपातल्या बड्या क्लबांतून येतात. छेत्रीला अर्धा वेळ चेंडूची वाट बघावी लागली. माझ्या लेखी त्याचे 95 जरा जड भरतात, भाच्याला पटो न पटो.

सुरुवातही काय झोकात आहे बघा. 12 जून 2005, क्वेट्टा, समोर पाकिस्तान, पहिलाच सामना आणि पहिलाच गोल! वीस वर्षांचं पोर आनंदाने धावत सुटलं ते थेट पाकिस्तानी प्रेक्षकांकडेच, हे त्याने स्वतःच हसत हसत सांगितलंय. 2008ला दिल्लीत ताजिकिस्तानविरुद्ध अंतिम सामन्यात हॅटट्रिक, आणि त्या जोरावर भारत आशिया चषकाला पात्र. 2023ला भुवनेश्वरमध्ये वानुआतूविरुद्ध एकमेव गोल ह्याचाच. मारल्यावर चेंडू जर्सीखाली पोटावर धरला. घरी पाळणा हलणार असल्याची बातमी अशी दिली गड्याने! आमच्या घरच्या मंडळींनी हा तुकडा बघितला आणि त्या दिवसापासून फुटबॉलला घरात मुभा मिळाली.

आता मी मागे मागेही जायला लागलोय. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने 1956च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली होती, भारत 4-2ने जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. चौथा! हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पण छेत्रीची गोष्ट राहिलीच की. 6 जून 2024ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो निवृत्त झाला तेव्हा गोल होते 94. पुढच्या मार्चमध्ये संघाने परत बोलावलं, हा आला. शिलाँग, पुन्हा मालदीव. गोव्याचा लिस्टन कुलासो डावीकडून चेंडू आत टाकतो, आणि पाच फूट सात इंचाचा, चाळिशी गाठलेला, रीतसर निरोप घेऊन बसलेला माणूस उडी मारून डोक्याने गोल करतो! 95!