दोन बाह्या

झाडलोटीला काढलेला माळा आणि जुन्या फोटोंचा डबा यांची एकदा गाठ पडली, की त्या दिवशी घर म्हणून साफ होत नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. गेल्या दिवाळीआधी तसेच झाले. बिस्किटांच्या गंजक्या डब्यात, बारशा-मुंजींच्या फोटोंखाली, अगदी तळाशी एक फोटो निघाला. स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा. त्यावर कमानी आणि एक तळे. पुढे एक तरुण मुलगी उभी. कपाळावर कापलेल्या केसांची झालर, अंगासरशी बसलेला फुलाफुलांचा कुडता आणि खाली चुडीदार. एक हात कमरेवर. चेहऱ्यावर असा काही ताठा, की ते मागचे तळे जणू तिच्याच मालकीचे!

"ही कोण गं?" लेकीने विचारले.

मी फोटो उलटा केला. मागे निळ्या शाईत एवढेच लिहिले होते : 'कोल्हापूर, १९६६'. अक्षर आईचे होते. चेहराही आईचाच होता. पण तो ओळखायला मला अक्षराचा आधार घ्यावा लागला, याची मला जराशी लाजच वाटली.

कारण मी पाहिलेली आई निराळी. मानेवर घट्ट अंबाडा, फिक्या रंगाचे सुती पातळ, हातात दोन बांगड्या. "नीटनेटकं असावं, नटू नये," हे तिचे ब्रीद. १९८६ साली, मी दहावीत असताना, एका मासिकातले फुगीर बाह्यांच्या झग्याचे चित्र कापून मी भूमितीच्या पुस्तकात जपून ठेवले होते. पुष्कळ धीर करून एकदा ते आईला दाखवले. तिने चित्राकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. "आपल्याला नाही शोभत असलं," म्हणाली आणि पोळ्या लाटू लागली. तशी गोष्ट क्षुल्लक. पण सोळाव्या वर्षी काहीच क्षुल्लक नसते. तो झगा मी पुढे कधी शिवला नाही आणि ते वाक्य कधी विसरले नाही.

लेकीला या इतिहासाचे काय होय? ती फोटोवर खूशच झाली. "आजी काय भारी दिसतेय! आणि त्या बाह्यांचा कॉन्ट्रास्ट बघ. अंगाला फुलं, बाह्या गडद." तिने लगेच मोबाइल काढला. हल्ली आमच्या घरी कापड घेण्याआधी चित्रे जमवली जातात. पिंटरेस्टवर एक चित्र उघडले, की त्याच्यासारखी पन्नास पुढे येऊन उभी राहतात. आरंभी मी या छंदाला हसत असे. मग एक दिवस माझ्याच फोनमध्ये ब्लाउजच्या गळ्यांची चाळीस चित्रे साठलेली सापडली आणि माझे हसू ओसरले. दुसऱ्याची चित्रे पाहताना आपण त्यांत शोधत असतो ते स्वतःलाच, नाही का? चाळीसांतली एकोणचाळीस नुसतीच सुंदर असतात. एखाद्याच चित्रापाशी बोट थांबते, कारण त्या कपड्यात आपला चेहरा बसेल असे उगीचच वाटते.

दोन मिनिटांत लेकीने त्या कुडत्याचे मूळ गाव शोधून काढले. १९६५ सालचा 'वक्त' आणि त्यातली साधना! तिचे ते घट्ट कुडते आणि चुडीदार त्या काळी मुलींनी डोक्यावर घेतले होते. त्या चित्रपटाची वेशभूषा भानू अथैया यांची. त्या मूळच्या कोल्हापूरच्या. पुढे 'गांधी'च्या वेशभूषेबद्दल १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. कपाळावरच्या केसांचीही अशीच कुळकथा. १९६० च्या 'लव्ह इन सिमला'च्या वेळी साधनाचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ते केस कापले गेले, तेही हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नचे पाहून. म्हणजे हॉलिवूडची नक्कल मुंबईने केली, मुंबईची कोल्हापूरने, आणि आता कोल्हापूरची नक्कल पुण्यात आम्ही करणार होतो!

करायची हे ठरलेच होते. लेकीला दिवाळीला तस्साच कुडता हवा होता. आईला मात्र आम्ही काही सांगितले नाही. फोटो इतक्या तळाशी ठेवला होता, की तो वर काढल्याबद्दल आपल्याला रागे भरतील असे मला त्या वयातही वाटत होते.

लक्ष्मी रस्त्यावरून बारीक फुलांची मलमल आणली, बाह्यांना गडद जांभळे कापड घेतले, चुडीदारला पांढरे. लेकीच्या जुन्या कुडत्यावरून वर्तमानपत्रावर माप उतरवले. मोबाइलवरचे चित्र दोन बोटांनी ताणून टक्स कुठवर गेले आहेत ते पाहिले, चिरा किती वर आहेत ते मोजले. कुडता बरा उतरला. माझे घोडे अडले ते चुडीदारपाशी. एका मुलीने अकरा मिनिटांत चुडीदार बेतून दाखवला होता. त्यातली कापड जास्त लागणारी भानगड मी काटकसरीने वगळली आणि नेहमीच्या लेंग्यासारखे उभे कापड कापून मोकळी झाले. लेक तो घालायला गेली. पोटरीपर्यंत वर आला कुठला! टाचेशीच अडकला. ती एका पायावर उड्या मारीत खोलीभर फिरली आणि शिवण उसवल्याचा आवाज झाला.

"उरेब कापलं नाहीस," खिडकीपाशी वाती वळत बसलेली आई म्हणाली. मान वर न करता.

मी चपापले. "तुला काय ठाऊक?"

"चुडीदार सरळ कापडाचा होत नाही. आधी कापडाची तिरपी थैली शिवायची, मग ती कापायची. धागे तिरपे आले की कापड ताणतं. टाचेवरून सरकतं आणि वर जाऊन पुन्हा मिटतं. लांबीला पायापेक्षा चांगलं जास्त ठेव, त्याशिवाय घोट्यावर चुड्या कशा पडतील?" मग थोडे थांबून, "आणि शिवणीत माया सोड जरा. तुझी सवयच आहे, अगदी काठावर कापतेस."

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. पुढे कधी अंग भरले तर सैल करता यावे म्हणून ठेवलेले. हा शब्द मी तिच्याच तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते.

मी उठले आणि फोटो तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सांगू लागली. 'वक्त' तिने तीनदा पाहिला. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा कुडत्याच्या गळ्यासाठी, तिसऱ्यांदा नुसत्या चिरांसाठी. "तुमच्यासारखं चित्र थांबवता येत नव्हतं. ती वळली की तेवढ्यात पाहून घ्यायचं आणि घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर काढायचं." आत्याच्या टाकाऊ पातळाचा कुडता केला. दुपारी सगळे निजले, की हातमशीन हळूहळू फिरवायची.

"आणि बाह्या?" लेकीने उत्साहाने विचारले. "तो कॉन्ट्रास्ट तुला सुचला कसा?"

"सुचला कसला!" आई हसली, पण ते हसू काही तिच्या डोळ्यांपर्यंत गेले नाही. "बिनबाह्यांचाच शिवला होता. साधनाचा तसाच होता ना. आमच्या नानांनी पाहिला. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, 'आपल्याला नाही शोभत असलं.' पातळ तर संपलेलं. मग रात्री परकराचं कापड होतं त्याच्या बाह्या लावल्या. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीबरोबर जाऊन हा फोटो काढला. पुन्हा काही तो कुडता घातला नाही. तुझ्या जन्मानंतर त्याची झबली केली."

माझ्या कानात ते एकच वाक्य घुमत राहिले. तिलाही ते ऐकू आले असावे. वातीला पीळ देता देता ती म्हणाली, "मला जे म्हणाले, तेच मी तुला म्हणाले. तोंडात तयार होतं. तुझं ते चित्र मी पाहिलं होतं बरं का. भूमितीच्या पुस्तकात. तू शाळेत गेलीस की काढून पाहत असे. बाह्यांना खाली चुण्या होत्या, सहा-सहा."

सहाच होत्या. त्या मी मोजल्या होत्या, आणि आपल्यावाचून त्या कोणाला ठाऊक नाहीत, असे अडतीस वर्षे समजत होते.

ती दुपार आम्ही तिघींनी चुडीदार पुन्हा बेतण्यात घालवली. आई सांगत होती, मी खडूने रेघा मारीत होते, लेक कापड धरीत होती. या वेळी तो टाचेवरून अलगद सरकला आणि घोट्यावर त्याच्या चुड्या पडल्या. लेक आरशासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फोटोतला ताठा तिला सहज जमला. गडद बाह्याही तिने तशाच ठेवल्या. तिला त्या खरोखरीच आवडल्या होत्या, आणि त्यांत मला काही वावगे वाटले नाही.

मी कापडाच्या चिंध्या गोळा करीत होते. फुलांची मलमल दीडएक मीटर उरली होती.

"ह्याचं काय करणारेस?" आईने विचारले.

"बघू. तुला घरात घालायला काही शिवू का? सैलसर?"

तिने कापड हातात घेतले, दोन बोटांत चुरून पाहिले, उजेडाकडे धरले. कोल्हापूरच्या त्या वहीतले मागचे पान तिला पुन्हा दिसत असावे.

"शिव," ती म्हणाली. "पण बाह्या लावू नकोस."